गेट कोणाच्या वाट्याला : गजबजलेल्या विमानतळावरील जागेची स्पर्धा कशी अभ्यासावी

शिकागोच्या ओहेअर विमानतळावर युनायटेड आणि अमेरिकन या दोन विमान कंपन्यांमध्ये गेटांवरून, म्हणजे टर्मिनलला लागून विमान उभे करून प्रवासी चढवण्या-उतरवण्याच्या जागांवरून, २०२५ पासून उघड संघर्ष चालू आहे. त्याच्या बातम्या आपल्यापर्यंत बहुधा ‘एका कंपनीची इतकी गेट वाढली, दुसरीची इतकी गेली’ एवढ्याच स्वरूपात पोहोचतात. त्यावरून कोण जिंकले हे कळल्यासारखे वाटते. पण कशामुळे जिंकले, पुढच्या वर्षी काय होईल आणि तिकीट काढणाऱ्याला त्याची झळ कोठे बसेल, हे मुळीच कळत नाही. विमान वाहतुकीचा अभ्यास करणारे विद्यार्थी, या विषयावर लिहिणारे पत्रकार आणि शहराच्या कारभारात रस असणारे वाचक यांना अशी स्पर्धा मुळापासून कशी समजून घेता येईल, हे येथे ओहेअरचे उदाहरण समोर ठेवून सांगितले आहे. मुंबई, पुणे आणि गोवा यांचा उल्लेख तुलनेची गरज असेल तेथेच केला आहे. माझे मुख्य म्हणणे असे, की गेटांच्या संख्येपेक्षा ती गेट कोणत्या नियमाने वाटली जातात तो नियम आधी वाचावा, कारण कंपन्यांचे पुढचे वागणे त्या नियमातूनच ठरते.

टंचाई नेमकी कशाची आहे, ते आधी ठरवावे

विमानतळावर तीन गोष्टींची टंचाई होऊ शकते : धावपट्टीवरील वेळ, विमान उभे करण्याची जागा आणि टर्मिनलमधील जागा. तिन्हींची टंचाई एकाच वेळी सारखीच तीव्र असल्याचे क्वचितच आढळते, आणि ज्या गोष्टीची टंचाई सर्वांत तीव्र असेल तिच्यासाठीच कंपन्या भांडतात. म्हणून कोणत्याही विमानतळाचा अभ्यास सुरू करताना हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे प्रत्यक्षात एका वेळी एकीचाच उपयोग होतो. तेथे खरी टंचाई धावपट्टीवरील मिनिटांची आहे. २०२४च्या आरंभी केंद्र सरकारने गर्दीच्या तासांतील विमानांची ये-जा ताशी ४६ वरून ४४ आणि इतर तासांतील ४४ वरून ४२ करण्यास सांगितले, तेव्हा टर्मिनलमधील एकही गेट कमी झाले नव्हते; तरीही कंपन्यांना उड्डाणे कमी करावी लागली. पुण्यात लोहगावची धावपट्टी हवाई दलाची असल्यामुळे २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले तरी उड्डाणांच्या वेळांवरील मर्यादा संपल्या नाहीत. गोव्यात दाबोळीला नौदलाच्या तळाचे वेळापत्रक आड येते, आणि २०२३च्या जानेवारीत मोपा येथून उड्डाणे सुरू झाल्यावर कंपन्यांना पर्याय मिळाला, त्याचे एक कारण हेच आहे. या ठिकाणी गेटांची मोजदाद करीत बसल्यास अभ्यासाची दिशाच चुकते.

ओहेअरची परिस्थिती याच्या उलट आहे. शिकागो शहराने दीर्घ काळ चाललेल्या कार्यक्रमातून तेथील धावपट्ट्यांची रचना पूर्ण बदलली. पूर्वीच्या एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांच्या जागी पूर्व-पश्चिम दिशेने सहा समांतर धावपट्ट्या आल्या आणि हे काम २०२१ मध्ये संपले. टर्मिनलची वाढ मात्र तेवढ्या वेगाने झाली नाही. अडथळा अशा रीतीने धावपट्टीवरून टर्मिनलकडे सरकला. एक टंचाई दूर केली, की तिच्यामागे दडलेली दुसरी टंचाई पुढे येते, हे ध्यानात ठेवून मागच्या वीस-पंचवीस वर्षांतील बांधकामाचा इतिहास अवश्य पाहावा.

धावपट्टीची टंचाई असलेल्या ठिकाणी कंपन्यांच्या हातात ‘स्लॉट’ असतात, म्हणजे ठरावीक वेळी उतरण्याची किंवा उडण्याची परवानगी असते. जागतिक पद्धतीनुसार विमानतळांचे तीन स्तर मानले जातात. तिसऱ्या स्तरावर स्लॉटशिवाय उड्डाण करता येत नाही. मुंबई आणि लंडनचे हीथ्रो ही त्याची उदाहरणे. दुसऱ्या स्तरावर कंपन्यांनी आपली वेळापत्रके सादर करावीत आणि गर्दी झाल्यास समजुतीने बदलावीत, अशी अपेक्षा असते. ओहेअर या दुसऱ्या स्तरावर आहे. तेथे स्लॉटचे बंधन नसल्यामुळे ज्याच्याकडे गेट आहे त्याला उड्डाण वाढवता येते, आणि म्हणूनच गेटाला एवढी किंमत आली आहे.

मालक कोण आणि हक्क कोणत्या प्रकारचा

दुसरे काम म्हणजे हक्कांची उतरंड समजून घेणे. आपल्याकडे एसटीच्या स्थानकात फलाट कोणत्याही गाडीच्या मालकीचा नसतो, नियंत्रक सांगेल तेथे गाडी लागते. भारतातील बहुतेक विमानतळांवर एरोब्रिज (टर्मिनलमधून विमानात नेणारा पूल) आणि बे (विमान उभे करण्याची जागा) यांची व्यवस्था साधारण याच प्रकारची आहे. विमानतळ चालवणारी संस्था रोजच्या रोज जागा नेमून देते. अमेरिकेत मात्र मोठे विमानतळ बहुधा शहराच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीचे असतात आणि टर्मिनलमधील गेट कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या कराराने दिलेली असतात. ओहेअर शिकागो शहराच्या मालकीचे आहे आणि शहराचा विमान वाहतूक विभाग ते चालवतो. आकाशातील आणि धावपट्टीवरील नियंत्रण केंद्र सरकारच्या एफएए या संस्थेकडे आहे. गेट शहराच्या हातात आणि धावपट्टी केंद्राच्या हातात ही विभागणी पुढे फार महत्त्वाची ठरते.

अमेरिकी करारांत गेटाचे हक्क मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात गेट एकाच कंपनीचे असते. तिने ते दिवसभर रिकामे ठेवले तरी दुसऱ्या कोणाला ते मागता येत नाही. जुने करार बहुतेक असे होते. दुसऱ्या प्रकारात कंपनीला प्राधान्य असते. तिच्या वेळापत्रकात ज्या वेळी गेट लागते त्या वेळी ते तिचे, पण मोकळ्या वेळी विमानतळ तेथे दुसऱ्याचे विमान लावू शकतो. तिसरा प्रकार सामाईक गेटांचा. ती विमानतळाच्या हातात राहतात आणि वापराप्रमाणे भाडे घेऊन कोणालाही दिली जातात. एखाद्या विमानतळावर ‘अमुक कंपनीची ६० गेट’ असे वाचल्यावर ती यांपैकी कोणत्या प्रकारची आहेत हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. साठ प्राधान्याची गेट आणि साठ अनन्य हक्काची गेट यांत कागदावर फरक दिसत नाही, परंतु नव्याने येऊ पाहणाऱ्या छोट्या कंपनीला तो पहिल्याच दिवशी कळतो.

सामाईक गेटांची संख्या मी नेहमी वेगळी लिहून घेतो, आणि वाचकांनीही घ्यावी असे मला मनापासून वाटते. तिकिटाचे दर कमी ठेवणारी नवी कंपनी बहुधा याच दारातून आत येते. अमेरिकेत २०००च्या कायद्यानुसार, ज्या मोठ्या विमानतळावर एक-दोन कंपन्यांकडेच निम्म्याहून अधिक प्रवासी आहेत, त्या विमानतळाला स्पर्धेची योजना सादर करावी लागते. नव्या कंपनीला गेट कसे मिळेल, मोकळ्या गेटांवर लक्ष कोण ठेवते, तक्रार कोठे करायची, हे त्या योजनेत लिहावे लागते. या योजना सार्वजनिक असतात आणि करारापेक्षा सोप्या भाषेत असतात. अभ्यासाला बसणाऱ्याने तेथूनच वाचायला सुरुवात करावी.

मोजणीचे कलम शोधावे

करारातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे गेटांची फेरवाटणी कशी होते ते सांगणारे कलम. ओहेअरचा पूर्वीचा करार १९८३ चा होता आणि तो ३५ वर्षांनी, २०१८च्या मे महिन्यात संपला. त्या काळात दोन मोठ्या कंपन्यांचे हक्क जवळजवळ गोठल्यासारखे होते. नवा करार २०१८च्या मार्चमध्ये शहराच्या परिषदेने मंजूर केला, तेव्हा महापौर राम इमॅन्युएल होते आणि करारासोबत सुमारे ८५० कोटी डॉलरचा विस्तार जोडलेला होता. त्याच वेळी युनायटेडला पाच जादा गेट मिळणार म्हणून अमेरिकन कंपनीने जाहीर हरकत घेतली होती. सामाईक वापराची तीन गेट लवकर बांधण्याचे ठरल्यावर ती हरकत मागे पडली. म्हणजे आजच्या भांडणाची बीजे करारावर सह्या होण्यापूर्वीच दिसत होती, आणि त्या वेळची वृत्तपत्रे चाळणाऱ्याला २०२५ मधील घडामोडींचे फारसे आश्चर्य वाटले नसेल.

या नव्या करारात असे ठरले, की प्राधान्याची गेट कायमची कोणाची नाहीत. ठरावीक काळाने मोजणी होईल आणि आदल्या वर्षी ज्याने जितकी उड्डाणे केली त्या प्रमाणात गेटांची वाटणी बदलेल. कल्पना चांगली होती. जागा अडवून बसणाऱ्याला ती सोडावी लागावी आणि वापरणाऱ्याला मिळावी, हा तिचा हेतू होता. करोनाच्या साथीनंतर युनायटेडने ओहेअरवरील उड्डाणे वेगाने वाढवली. अमेरिकन कंपनीने मात्र आपली ताकद डॅलस आणि शार्लट या ठिकाणी अधिक लावली, आणि ओहेअरवर ती हळूहळू परतली. २०२५ मध्ये शहराने मोजणी केली तेव्हा याचे फळ समोर आले : युनायटेडची गेट वाढणार आणि अमेरिकनची चार कमी होणार, असा निर्णय झाला. करारातील मुदतीपूर्वीच शहराने ही मोजणी सुरू केली, असा दावा करून अमेरिकन कंपनीने मे २०२५ मध्ये शहराला न्यायालयात खेचले. शहराचे म्हणणे, आपण कराराप्रमाणेच वागलो. या वादाकडे पाहताना कोणाची बाजू भावनिक वाटते यापेक्षा ‘मोजणीचे वर्ष कोणते धरायचे’ हा कोरडा प्रश्न मध्यवर्ती आहे, हे विसरू नये. एक वर्ष पुढे-मागे झाले की आकडे बदलतात.

मोजणीचे कलम हाती आले, की त्याला पुढील प्रश्न विचारावेत. मोजले काय जाते : उड्डाणे, आसने की प्रवासी? नियोजित उड्डाणे धरतात की प्रत्यक्ष झालेली? छोट्या विमानाचे आणि मोठ्या विमानाचे उड्डाण सारखेच धरले जाते का? कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतचा हिशेब होतो? निकाल कधी लागू होतो? यांपैकी प्रत्येक उत्तरामागे कंपनीचे एक विशिष्ट वागणे दडलेले असते. केवळ उड्डाणे मोजली जात असतील, तर दीडशे आसनांच्या एका विमानाऐवजी पंचाहत्तर आसनांची दोन विमाने पाठवण्याचा मोह होतो. प्रवासी तेवढेच राहतात, पण मोजणीत संख्या दुप्पट दिसते. आसने मोजली जात असतील, तर लहान गावांना जाणारी छोटी विमाने आधी बंद पडतात. प्रवासी मोजले जात असतील, तर मोजणीच्या काळात तिकिटे स्वस्त होतात. माझ्या मते केवळ उड्डाणांच्या संख्येवर वाटणी करणे हा प्रवाशांच्या दृष्टीने सर्वांत दुबळा नियम आहे, कारण त्यात रिकाम्या किंवा तोट्यातल्या फेऱ्यांनाही मोल मिळते आणि आकाशातील गर्दी मात्र खरीखुरी वाढते.

ही भीती काल्पनिक नाही. २०२६च्या उन्हाळ्यासाठी दोन्ही कंपन्यांनी ओहेअरवरील वेळापत्रके इतकी वाढवली, की गर्दीच्या दिवशी विमानांची एकूण ये-जा ३००० च्या वर जाईल असे दिसू लागले. तेव्हा एफएएने कंपन्यांना चर्चेला बोलावून कपातीची मागणी केली. गेट वाटणारे शहर आणि आकाश सांभाळणारी केंद्रीय संस्था यांची विभागणी आधी सांगितली ती याचसाठी : शहराचा नियम कंपन्यांना उड्डाणे वाढवायला सांगतो आणि केंद्राची संस्था तीच उड्डाणे कमी करायला सांगते. अशा ठिकाणी कपात कोणत्या तारखेच्या वेळापत्रकाला धरून होते याकडे बारकाईने पाहावे. आधीच फुगवलेल्या आकड्यांवरून कपात झाली, तर फुगवणाऱ्याचा फायदा होतो. मागच्या वर्षीच्या आकड्यांवरून झाली, तर ज्याने अजून वाढ केलेली नव्हती त्याचे नुकसान होते.

ओहेअरला हा अनुभव नवा नाही. १९६९ पासून तेथे तासागणिक उड्डाणांवर केंद्रीय मर्यादा होती. ती २००२च्या जुलैमध्ये उठली. त्यानंतर याच दोन कंपन्यांनी उड्डाणे इतकी वाढवली, की २००४ मध्ये उशिरांनी उच्चांक गाठला आणि एफएएला आधी समजुतीने कपात करवून घ्यावी लागली, मग तासाला ८८ आगमनांची मर्यादा घालावी लागली. ती मर्यादा २००८ मध्ये, नवी धावपट्टी येण्याच्या सुमारास, संपली. विमानतळाचा असा जुना इतिहास काढून ठेवणे अभ्यासकाला फार उपयोगी पडते, कारण त्यावरून आजच्या घोषणांपैकी किती टिकतील याचा अंदाज येतो.

एका गेटाचे काम मोजून पाहावे

आता थोडे गणित. गेटाचे मोल ते दिवसात किती उड्डाणे पेलते यावर ठरते. सकाळी सहा ते रात्री दहा असा सोळा तासांचा दिवस धरला, तर ९६० मिनिटे हाती येतात. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ सारखे विमान गेटावर सुमारे ५० मिनिटे उभे राहते आणि त्यानंतर दुसरे विमान लागेपर्यंत २० मिनिटांची सोय ठेवावी लागते, असे धरल्यास हिशेबाने तेरा उड्डाणे बसतात. प्रत्यक्षात एखाद्या हब विमानतळावर, म्हणजे जेथे कंपनी आपले प्रवासी एका विमानातून दुसऱ्यात बदलवते अशा मुख्य ठिकाणी, गेटामागे सहा ते आठ उड्डाणे निघाली तरी ते चांगले समजले जाते. ही तफावत कोठून येते, हे ज्याला कळले त्याला अर्धा विषय कळला.

हब चालवणारी कंपनी विमाने लाटांनी आणते. तासाभरात पन्नास विमाने उतरतात, प्रवासी एका गेटावरून दुसऱ्या गेटाकडे जातात आणि पुढच्या तासात तीच पन्नास विमाने उडतात. लाटेच्या वेळी प्रत्येक गेट लागते. दोन लाटांच्या मधल्या काळात त्यांतली बरीचशी रिकामी असतात. म्हणून दिवसभराची सरासरी पाहून ‘गेट रिकामी आहेत, मग भांडण कशाला’ असे म्हणणे चुकीचे ठरते, आणि कंपनीने लाटेकडे बोट दाखवून ‘आमच्याकडे एकही गेट शिल्लक नाही’ असे म्हणणेही पूर्ण खरे नसते. वेळापत्रक घेऊन पंधरा-पंधरा मिनिटांच्या पट्ट्या पाडाव्यात, प्रत्येक पट्टीत किती विमाने जमिनीवर असायला हवीत ते मोजावे आणि तो आकडा गेटांच्या संख्येशी ताडून पाहावा. हे काम साध्या तक्त्यात करता येते. वर धरलेल्या सहा-आठ उड्डाणांच्या हिशेबाने चार गेट जाणे म्हणजे रोजची २४ ते ३२ उड्डाणे ठेवायला दुसरीकडे जागा शोधणे होय. ही उड्डाणे लाटेतली असतील, तर त्यांच्यावर अवलंबून असलेल्या इतर उड्डाणांचे प्रवासीही कमी होतात.

गेटाचा आकारही पाहावा लागतो. ए-३२० किंवा ७३७ यांच्या पंखांचा विस्तार ३६ मीटरच्या आत असतो. बोइंग ७८७-९ चा सुमारे ६० मीटर आणि ७७७-३००ईआर चा जवळजवळ ६५ मीटर असतो. मोठ्या विमानासाठी आखलेल्या काही जागा अशा असतात, की तेथे एक मोठे किंवा दोन लहान विमाने लावता येतात. त्यामुळे गेटांच्या नुसत्या संख्येची तुलना फसवी ठरते. पन्नास आसनी विमानांपुरती मर्यादित असलेली दहा गेट आणि आंतरराष्ट्रीय विमाने घेणारी दहा गेट यांची किंमत एक नव्हे. शक्य असेल तेथे टर्मिनलच्या नकाशावर गेटांचे दर्शनी माप पाहावे.

टंचाई खरोखर किती आहे हे पडताळण्याची एक चांगली खूण म्हणजे विमान उतरल्यापासून गेटाला लागेपर्यंतचा वेळ. अमेरिकेच्या परिवहन सांख्यिकी विभागाकडे प्रत्येक मोठ्या कंपनीच्या देशांतर्गत उड्डाणाची ही मिनिटे नोंदलेली असतात आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येतात. एकाच विमानतळावरील दोन कंपन्यांचे, एकाच महिन्याचे आणि एकाच तासाचे आकडे शेजारी ठेवावेत. एका कंपनीची मिनिटे दुसरीपेक्षा सातत्याने अधिक असतील आणि दोघींच्या धावपट्ट्या त्याच असतील, तर विमाने गेट रिकामे होण्याची वाट पाहत उभी आहेत असा अंदाज बांधता येतो. मात्र टर्मिनलचे धावपट्टीपासूनचे अंतर वजा करायला विसरू नये. प्रवाशालाही याचा उपयोग आहे : ओहेअरवर विमान बदलायचे असेल, तर ज्या तासात ही मिनिटे वाढतात त्या तासात पोहोचणारे आणि पुढच्या विमानासाठी तासाभराचाच अवधी देणारे तिकीट टाळावे. परदेशातून टर्मिनल ५ वर उतरून पुढे टर्मिनल १ किंवा ३ मधून जायचे असेल, तर सीमाशुल्क, सामान आणि पुन्हा सुरक्षा तपासणी यांसाठी अवधी आणखी मोठा ठेवावा.

गेट मिळवण्याच्या इतर वाटा

फेरवाटणी ही एकच वाट नाही. दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीची गेट विकत घेता येतात. स्पिरिट या कंपनीची ओहेअरवरील दोन गेट मिळवण्यासाठी अमेरिकन कंपनीने २०२५ मध्ये ३ कोटी डॉलर मोजण्याची तयारी दाखवली. अशा व्यवहारात जमीन किंवा इमारत विकली जात नाही, करारातील हक्क हस्तांतरित होतो. म्हणून बातमीतील रक्कम वाचताना हक्काची मुदत किती उरली आहे तेही पाहावे. विलीनीकरणाच्या वेळी सरकार अट घालते, तेव्हा गेट सोडावी लागतात. २०१३ मध्ये अमेरिकन आणि यूएस एअरवेज एकत्र आल्या, तेव्हा न्याय विभागाच्या अटींनुसार बोस्टन, ओहेअर, डॅलस लव्ह फील्ड, लॉस एंजेलिस आणि मायामी येथे प्रत्येकी दोन गेट सोडण्याचे ठरले.

यांतील लव्ह फील्डचे उदाहरण स्वतंत्रपणे अभ्यासण्यासारखे आहे, कारण तेथे टंचाई कायद्यानेच निर्माण केलेली आहे. २००६च्या कायद्याने त्या विमानतळावर वीसच गेट असतील असे ठरले. त्यांतील बहुतेक साउथवेस्ट या विमान कंपनीकडे होती. लांब पल्ल्याच्या उड्डाणांवरील बंधने २०१४च्या ऑक्टोबरमध्ये उठली, तेव्हा त्या वीस गेटांना एकाएकी मोल आले. युनायटेडने आपली दोन गेट पोटभाड्याने साउथवेस्टला दिली, त्या व्यवहाराची रक्कम १२ कोटी डॉलर असल्याचे नंतर न्यायालयीन कागदपत्रांतून बाहेर आले. डेल्टा या दुसऱ्या कंपनीची त्याच विमानतळावर मोजकी उड्डाणे होती. ती चालू ठेवण्यासाठी गेट द्यायचे की नाही, यावर अनेक वर्षे खटला चालला. गेटांची संख्या वाढण्याची शक्यताच नसते, तेव्हा प्राधान्याचा हक्क म्हणजे नेमके काय, हा प्रश्न न्यायालयात किती ताणला जातो, ते या प्रकरणातून दिसते.

नवी गेट कोण बांधते आणि पैसे कोण देते

भांडणावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे आणखी गेट बांधणे. ओहेअरवर ‘कॉन्कोर्स डी’ या गेटांच्या नव्या इमारतीचे काम २०२५ मध्ये सुरू झाले; त्यात १९ गेट असतील आणि २०२८च्या अखेरीस ती सुरू होतील असे नियोजन आहे. परंतु बांधकामाचा खर्च शेवटी कंपन्यांकडून भाडे आणि उतरण्याचे शुल्क या रूपाने वसूल होतो, आणि करारावर सही केलेल्या कंपन्यांना मोठ्या प्रकल्पांबाबत मत देण्याचा अधिकार बहुधा असतो. त्यामुळे गेटांसाठी भांडणारे प्रतिस्पर्धी बिल समोर आले की एका बाजूला उभे राहतात. २०११च्या जानेवारीत युनायटेड आणि अमेरिकन यांनी मिळून शिकागो शहरावर दावा लावला होता, धावपट्ट्यांच्या पुढील कामासाठी कर्जरोखे काढू नयेत म्हणून. केंद्रीय परिवहन मंत्री रे लाहूड यांनी मध्यस्थी केल्यावर मार्चमध्ये तडजोड झाली.

यातून अभ्यासकाने घ्यायचा धडा व्यावहारिक आहे. ‘जागा नाही’ असे म्हणणाऱ्या कंपनीने नव्या जागेच्या प्रस्तावाला मागील दहा वर्षांत पाठिंबा दिला की विरोध केला, ते तपासावे. टंचाई ज्याच्या फायद्याची आहे, तो ती संपवण्याची घाई करीत नाही, आणि ही गोष्ट त्या कंपनीच्या पत्रकात कधीच लिहिलेली नसते. नवी गेट आली की त्यांतील किती सामाईक राहणार, हा प्रश्न विचारायचा तो बांधकाम चालू असतानाच; गेट वाटून झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

हीच पद्धत आपल्याकडे लावताना

मुंबईत गेटांऐवजी स्लॉट, रात्री विमान उभे करण्याची जागा आणि एरोब्रिजची उपलब्धता या तीन गोष्टी पाहाव्यात. रात्रीच्या जागेकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. परंतु ज्या कंपनीचे विमान रात्री मुंबईत मुक्कामाला असते, तिलाच सकाळी सहाचे भरगच्च उड्डाण करता येते, म्हणून या जागेला मोठी किंमत आहे. २०१९च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा मुंबईतील सुमारे २८० आणि दिल्लीतील सुमारे १६० स्लॉट मोकळे झाले. ते इतर कंपन्यांना तात्पुरते वाटण्यात आले, आणि जेट पुन्हा उभी करू पाहणाऱ्यांपुढे हे स्लॉट परत मिळतील का, हाच मोठा प्रश्न राहिला. भारतात स्लॉट ही कंपनीची मालमत्ता मानली जात नाही. हीथ्रोवर मात्र त्यांची खरेदी-विक्री होते आणि २०१६ मध्ये उतरण्याच्या आणि उडण्याच्या स्लॉटच्या एका जोडीसाठी ओमान एअरने ७.५ कोटी डॉलर दिल्याचे जाहीर झाले होते. स्लॉट टिकवायचे तर हंगामात किमान ८० टक्के वापरावे लागतात, हा जागतिक नियम ओहेअरच्या मोजणीच्या कलमाचा सख्खा भाऊ आहे, आणि अर्धी रिकामी विमाने केवळ स्लॉट राखण्यासाठी उडवण्याचा मोह त्यातूनही निर्माण होतो.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी नियमित उड्डाणे सुरू झाली, तेव्हापासून मुंबई परिसराचा हिशेब दोन ठिकाणी मांडावा लागतो. कोणत्या कंपनीने नवी उड्डाणे तिकडे सुरू केली आणि कोणत्या कंपनीने जुन्या विमानतळावरील स्लॉट न सोडता केवळ भर घातली, हे वेगवेगळे नोंदवावे. त्यासाठी लागणारी कागदपत्रे मिळण्यासारखी आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय वर्षातून दोनदा, मार्चअखेर सुरू होणाऱ्या उन्हाळी आणि ऑक्टोबरअखेर सुरू होणाऱ्या हिवाळी हंगामासाठी वेळापत्रके मंजूर करते. विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाच्या दरआदेशांत विमान उभे करण्याचे आणि उतरण्याचे शुल्क, तसेच येत्या वर्षांतील बांधकामाचा खर्च दिलेला असतो. लागोपाठच्या दोन हिवाळी हंगामांची वेळापत्रके घेऊन सकाळी सहा ते नऊ या तीन तासांपुरती कंपनीनिहाय यादी करावी, आणि दोन्ही विमानतळांचे रकाने शेजारी शेजारी ठेवावेत. उन्हाळी आणि हिवाळी हंगामांची एकमेकांशी तुलना करू नये, कारण सुट्ट्यांची गर्दी आणि धुक्यामुळे होणारे बदल त्यात मिसळलेले असतात.